कोकणात रेल्वे, रस्ते, वीज सगळं आलं, तरी गावं ओस का पडतायत? मुंबईतली नोकरी सोडून गावी जावं का?

मी लांजा तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. असल्या प्रश्नांना एरवी हात लावत नाही, कारण उत्तरं देणारे सगळे डोंबिवलीत बसलेले असतात. पण तुमचं ते ‘सगळं आलं तरी’ वाचून राहवलं नाही.

अहो, आलं म्हणून तर गेले. आधी बाप्या मुंबईत गिरणीत, बायकापोरं गावी, आणि महिन्याला मनीऑर्डर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, काही लोक परत आले, पण बऱ्याच जणांनी दिवा, नालासोपारा, विरारला खोल्या केल्या आणि हळूहळू घरच्यांनाही तिकडे नेलं. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली, मग तर गणपतीला येऊन जाणं सोपंच झालं. येऊन-जाऊन भागतंय तर राहायचं कशाला? २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या दीड कोटीने वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. जनगणनेत गावाला शहर म्हणायला ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि कामावरचे ७५ टक्के पुरुष शेतीबाहेर असावे लागतात. आमच्या वाडीने शेवटची अट केव्हाच पुरी केलीय. पहिल्या दोन अटींना माणसंच शिल्लक नाहीत.

आता माझी गोष्ट. घरामागे आमची पावणेदोन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे, सामायिक. आजोबांच्या वेळी तिथे नाचणी व्हायची, आता करवंदीची जाळी. २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आली. कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत लागवडीला अनुदान. काजूच्या वेंगुर्ला-४ जातीची कलमं लावायची ठरवली, खड्डे कुठे मारायचे तेही आखून ठेवलं. सात-बारा सामायिक असला की बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. उतारा काढला तर २३ नावं. त्यातली सहा माणसं वर गेलेली, वारसनोंद कुणी केलेली नाही.

गणपतीत सगळे येतात म्हणून संध्याकाळच्या आरतीनंतर कागद पुढे केले. थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “झाडं तू लावलीस की जमीन तुझी झाली. उद्या माझ्या पोरांनी काय करायचं?” मी म्हटलं, दादा, काजू झाला की वाटे करू. “बघू पुढच्या गणपतीला.” त्याने सही केली नाही म्हटल्यावर त्याच्या मागच्या पाचांनीही नाही केली. दिवाळीनंतर मी पॅसेंजरने दिव्याला उतरून तीन दिवस खोल्या पालथ्या घातल्या. प्रत्येक घरी चहा मिळाला. सह्या मिळाल्या एकूण चौदा.

२०२० च्या मे महिन्यात हाच दादा घरच्यांना घेऊन गावी आला. चौदा दिवस शाळेत ठेवलं होतं, दोन वेळचा डबा माझ्या घरून. बाहेर पडल्यावर पहिल्या सकाळी परड्यात उभा राहून विचारतो, “काय रे, तू काजू लावणार होतास ना?” गाड्या सुरू झाल्या तसा परत गेला. पुढच्या दोन वर्षांत स्लॅबचं घर बांधलं, वर्षातले पन्नास आठवडे कुलूप. चावी माझ्याकडे. पावसात गच्चीची पन्हळ मीच साफ करतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. कोकणात जमीन गेलेल्यांच्या नावावर आहे आणि राहिलेल्यांना तिच्यात खड्डा मारता येत नाही. महामार्ग चौपदरी करा नाहीतर आठपदरी, त्याने हे सुटत नाही. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं आणावी लागतात आणि आमच्यातला कोणी ‘गावात काय आहे?’ म्हणून विचारतो.

नोकरी सोडावी का, तर आधी स्वतःचा सात-बारा काढा आणि नावं मोजा. चारच्या वर असली तर आधी वारसनोंदी, मग जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप. सगळे तयार असतील तर तिथे होतं, एक जरी अडला तर दिवाणी कोर्ट. तोवर नोकरी सोडू नका.

सांगायचं राहिलं, माझंही घर शेतीवर चालत नाही. टेम्पो आहे, आणि बायकोचं अंगणवाडीचं मानधन. नुसत्या काजूवर या असं मी कुणालाही सांगणार नाही. माकडंही आहेतच, त्यांना संमतीपत्र लागत नाही. आणि दादाच्या बाजूनेही एक आहे: गावातल्यांनी चाकरमान्यांचे हिस्से दलालाच्या नादाने परस्पर विकल्याचे प्रकार आमच्याच पंचक्रोशीत झालेत. त्याची भीती अगदीच खोटी नाही. पण मी ती जमीन विकायला नव्हतो निघालो.

तुमच्या गावी असा कुणी चुलतभाऊ असेल, कागद घेऊन बसलेला, तर तुम्ही यायच्या आधी त्याच्या कागदावर सही करून टाका. गणपतीची वाट बघू नका, आरतीच्या गडबडीत ते राहूनच जातं. माझे नऊ कागद अजून फडताळात आहेत, गेल्या पावसात खालच्या दोघांना वाळवी लागली.