आधी शाळेत जाऊन ये

पोरा,

तुझ्या मेसेजात भावजय आहे, मेहुणा आहे, तालमीचा कट्टा आहे, कंपनीतला सुपरवायझर आहे. सहावीला लेकीला महापालिकेच्या शाळेतच ठेवायचं की काढायचं, यावर सगळ्यांची मतं तू लिहिलीस. यातलं त्या शाळेची पायरी चढलंय कोण? तू स्वतः गेलास तो गॅदरिंगला. आधी शाळेत जाऊन ये, मग बोलू.

जायचं ते चालू तासाला. शनिवारी सकाळची शाळा असते, सेकंड शिफ्ट असली की जमतं. मुख्याध्यापकांना सांगून सहावी-सातवीच्या वर्गात मागं बस. गणिताच्या वह्या माग. नुसती लाल शाई बघून खूश होऊ नको. मी एकदा अशीच वही उघडली. पोरीनं १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ काढलेली, वर अंश मिळवले, खाली छेद, आणि शेजारी ठसठशीत बरोबरची खूण. सरांना विचारलं. जोडीदार शिक्षक निवडणुकीच्या कामाला, हे एकटे दोन वर्ग सांभाळत होते. माणूस वाईट नव्हता. पण हे मला कट्ट्यावर बसून कळलं असतं काय?

कायद्यानं सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक पाहिजे, शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक. हे मोजायला अक्कल लागत नाही, जावं लागतं. प्रयोगाचं कपाट उघडायला लाव. किल्ली शोधण्यातच अर्धा तास गेला तर काय ते समज. मुलींचं स्वच्छतागृह बघायला बायकोला ने. पाणी येतं का, कडी लागते का. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला शाळा नकोशी व्हायला तेवढं पुरतं.

म्युनिसिपालटीची शाळा म्हणजे पोराचं वाटोळं, असं तुझा सुपरवायझर म्हणतो. त्याला गुढीपाडव्याला आपल्या कोल्हापुरातल्याच जरगनगरला ने. महापालिकेचीच शाळा, आणि प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांगेत. पण जरगनगरची चांगली म्हणून तुझ्या पेठेतली चांगली, असंही होत नाही. म्हणून तर घसा फोडून सांगतोय, जाऊन ये.

आणि शाहू महाराजांच्या नावानं गहिवर घालू नको. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंडही ठेवला. आईबापांना ते चांगले ओळखून होते.

माझं म्हणशील तर केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसगाड्यांच्या, वर्कशॉपात होतो, फी परवडत नव्हती अशातला भाग नाही. पोरगी सातवीपर्यंत महापालिकेच्याच शाळेत. पाहुणे चहा पिऊन म्हणायचे, "पगार पुरून ठेवतोस काय रं?" अकरावी सायन्सला तिचं इंग्रजी अडलं, रडली, आमच्यावर चिडली. बहीण अजून ते काढते. काढू दे. तिच्या पोरांच्या शाळेत पालकाला गेटच्या आत घेत नव्हते. मी पोरीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत होतो, तिथं चारातली तीन माणसं पालकच असतात, आणि निवडणुकीच्या कामाला लावलेला तो शिक्षक भांडून वर्गावर परत आणला. पोरीचं इंग्रजी पुढं सुधारलंच की! जाऊ दे, विषय तुझा आहे. हळहळ एवढीच की गल्लीतली शहाणीसुरती घरं सहावीला पोरं काढून गेली आणि बैठकीत तोंड उघडणारं कोण राहिलं नाही.

पैशाचा हिशेब मांडलायस, त्यात हे धर. आठवीची एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्याच पोरांना देता येते. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मेहुण्यानं सुचवलेल्या विनाअनुदानित शाळेत घातलंस की ती वाट बंद.

शाळा खरंच वाईट निघाली तर काढ की, मी कुठं हात धरलाय? पण जिथं घालणार तिथंही असाच मागच्या बाकावर बस, वही माग. बसू दिलं नाही तर तसं कळव. परीक्षा लागल्या की चालू तास बघायला मिळणार नाही, तेव्हा येत्या शनिवारीच जा.