रात्री पुणे केंद्राचा आवाज का चढतो-पडतो?

प्रश्न : आम्ही साताऱ्याजवळच्या खेड्यात राहतो. मिडियम वेव्हवर पुणे केंद्र दिवसभर स्वच्छ लागते; रात्री मात्र त्याचा आवाज चढतो, पडतो, मध्येच घोगरा होतो आणि दिवसा कधी न लागणारी परभाषिक केंद्रे ऐकू येतात. रेडिओ बिघडला असेल का? ही दूरची केंद्रे नीट ऐकायची असल्यास काय करावे?

उत्तर : रेडिओ दुरुस्तीला नेण्याची घाई करू नये. ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र दिवसा आपल्याकडे जमिनीलगतच्या लहरींनी पोहोचते. त्याच्या आकाशाकडे गेलेल्या लहरी सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, उन्हामुळे विद्युतभारित झालेला हवेचा थर शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि त्या लहरी त्याहून वरच्या थरांवरून परत फिरून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. परमुलखातली केंद्रे आपल्याकडे येतात ती याच वाटेने. आपले गाव पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे अडचणीच्या अंतरावर आहे : तेथे पुण्याच्या जमिनीवरच्या आणि आकाशातून परतलेल्या लहरी जवळपास सारख्याच जोराच्या असतात, त्या कधी एकमेकींना साथ देतात, तर कधी एकमेकींना मारतात. खुद्द पुण्यात जमिनीवरची लहर इतकी प्रबळ असते की हा खेळ जाणवतही नाही.

त्यात जागेची टंचाई आहे. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात ९ किलोहर्ट्झच्या अंतराने जेमतेम १२० जागा होतात आणि त्या आशियातल्या असंख्य केंद्रांना वाटून घ्याव्या लागतात; म्हणून रात्री एकाच जागेवरची केंद्रे एकमेकांत मिसळतात.

दूरचे केंद्र ऐकताना बाहेर ओढायची दांडी निरुपयोगी असते, कारण मिडियम वेव्हच्या लहरी पकडण्यासाठी बहुतेक संचांत आत आडवी फेराइटची (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची) कांडी असते. संच उभ्या अक्षाभोवती सावकाश फिरवावा. कांडीचे टोक ज्या दिशेला रोखले जाते, तिकडचे केंद्र क्षीण होते. त्यामुळे नको असलेले केंद्र दाबता येते, मात्र ते हव्या असलेल्या केंद्राच्या दिशेलाच किंवा नेमके विरुद्ध दिशेला असल्यास ही युक्ती चालत नाही. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आधी बंद करावेत. खरखरीचा मोठा भाग बहुधा त्यांचाच असतो. दूरच्या केंद्रांसाठी आमची पसंती पहाटेच्या, उजाडण्यापूर्वीच्या तासाला आहे. पुण्याच्या बातम्या मात्र दिवसाच ऐकाव्यात.