शाळेविरुद्ध तक्रार केली, तर मुलालाच त्रास होईल का?

अमेरिकेतील मराठी पालक माझ्याकडे येतात तेव्हा भेदभाव झाला की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न नसतो. तो त्यांच्या लेखी केव्हाच निकाली निघालेला असतो. ते विचारतात, ‘तक्रार केली तर उद्या वर्गात मुलालाच त्रास होणार नाही ना?’ आणि लगेच, आवाज थोडा खाली आणून, ‘आमच्या व्हिसाचे काही होणार नाही ना?’

अमेरिकेच्या शिक्षण खात्यात ‘ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स’ नावाचे नागरी हक्क कार्यालय आहे. तेथे वकील म्हणून मी अनेक वर्षे सरकारी शाळांतील भेदभावाच्या चौकशा केल्या, पुढे चौकशी पथकांचे काम पाहिले आणि आता बाहेर पडून पालकांना सल्ला देते. येथे सांगते ती हकीगत संबंधित कुटुंबाच्या परवानगीने सांगत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब मूळचे सांगलीकडचे, आता न्यू जर्सीत. वडील कंपनीमार्फत मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर नोकरीला, आई त्याच्याशी जोडलेल्या एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर, मुलगा पाचवीत. जेवणाच्या सुट्टीत मुलाने डबा उघडला की शेजारची तीन-चार मुले नाक दाबून उठून जात, त्याच्या उच्चारांची नक्कल करीत आणि ‘आपल्या देशात परत जा’ असे म्हणत. हे काही महिने चालले. आईने शिक्षिकेला दोनदा सांगितल्यावर शाळेने मार्ग काढला: मुलाने यापुढे कॅफेटेरियाऐवजी ग्रंथालयात, एका मदतनीस बाईंसोबत जेवावे. आईवडिलांनी आभाराचा ईमेलही पाठवला. तीन आठवड्यांनी मुलाने विचारले, ‘आई, मी काय केले म्हणून मला वेगळे बसवले आहे?’

‘ताई, शाळेने उपाय तर केला,’ आई मला म्हणाली, ‘मग तक्रार कशाची करायची?’

चौकशी करणाऱ्याची नजर नेमकी याच ठिकाणी थांबते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील ‘टायटल सिक्स’ हा भाग केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो, आणि सरकारी शाळा जवळजवळ सर्वच हा पैसा घेतात. मुलांनी मुलाला चिडवले, तर त्याबद्दल त्या मुलांवर या कायद्याखाली खटला भरला जात नाही. प्रश्न शाळेला विचारला जातो. छळ मूळ देशावरून होता का, मुलाच्या शिकण्यात अडथळा येईल इतका तो गंभीर किंवा सततचा होता का, शाळेला ते ठाऊक होते का, आणि ठाऊक झाल्यावर शाळेने तत्परतेने परिणामकारक पावले उचलली का, असा हा क्रम असतो. ज्याचा छळ झाला त्यालाच उठवून वेगळे बसवायचे आणि छळणाऱ्यांच्या जागा तशाच ठेवायच्या, याला उपाय म्हणता येत नाही. माझ्यासमोर आलेल्या कागदपत्रांत ही गोष्ट इतक्या वेळा आली आहे की तिचा आता मला संतापही येत नाही, फक्त कंटाळा येतो.

मी तारखा विचारल्या. आई म्हणाली, ‘दिवाळी झाल्यावर सुरू झाले असावे.’ ‘असावे’ या शब्दावर चौकशी पुढे सरकत नाही, कारण हे कार्यालय तक्रारदाराचे वकीलपत्र घेत नाही. ते तटस्थ राहून दोन्ही बाजूंचे पुरावे तोलते, आणि शाळेच्या बाजूला बहुधा जाडजूड धोरणपत्रे, प्रशिक्षणाच्या हजेरीयाद्या आणि नीट तारीख घातलेले ईमेल असतात. मी पुन्हा विचारल्यावर तिला काहीतरी आठवले. मुलगा डबा न खाता परत आणत होता तेव्हा पोटाचे दुखणे असेल म्हणून तिने डॉक्टरांना दाखवले होते आणि त्यांनी कोणत्या दिवशी जेवत नाही ते टिपून ठेवायला सांगितले होते. ते तिने टिपले होते, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, तिथी आणि दुधाच्या हिशेबाशेजारी.

चालू वर्षाचे कालनिर्णय भिंतीवर होते. मागच्या वर्षीचे नोव्हेंबर आणि डिसेंबर मात्र सुटे होऊन फळीवर मसाल्याच्या डब्यांखाली अंथरले गेले होते. तिने ती पाने काढून त्यांचे फोटो मला पाठवले. डिसेंबरच्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा गोल डाग होता आणि चौकटींत बारीक निळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा एकच नोंद: ‘डबा परत’. अशा नोंदी एकंदर २९ भरल्या. काही चौकटींत आणखी दोन शब्द होते, ‘नाक दाबले’. आणि दोन ठिकाणी, ‘टीचरना सांगितले’. वकील म्हणून मला सर्वांत मोलाच्या वाटल्या त्या या शेवटच्या दोन नोंदी, कारण शाळेला कधी कळले याचे उत्तर त्यांत होते, आणि तक्रारीचा विचारही मनात नसताना त्या लिहिल्या गेल्या होत्या.

शेवटची घटना १२ मार्चची होती. भेदभावाच्या घटनेपासून १८० दिवसांच्या आत या कार्यालयाकडे तक्रार जावी लागते. सलग चाललेल्या प्रकारात शेवटच्या घटनेपासून मोजता येते. आम्ही कालनिर्णयवरच मोजले, ८ सप्टेंबर आला, आणि तिने त्या चौकटीला लाल गोल केला. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. (वकिलाने हे फार मोठ्याने सांगू नये, पण खरे आहे.)

आता भीतीविषयी. तक्रार केली, साक्ष दिली किंवा चौकशीत मदत केली म्हणून कोणावर सूड उगवण्यास टायटल सिक्सच्या नियमांत स्वतंत्र मनाई आहे. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी सूडाची तक्रार स्वतःच्या बळावर उभी राहू शकते. मात्र नियम आहे म्हणून कोणी वाकडे वागणारच नाही, असे मी कोणत्याही पालकाला सांगत नाही. उघड सूड मी कमी पाहिला. थंडपणा जास्त पाहिला. ईमेलला उत्तर उशिरा येते, सहलीच्या मदतनीस पालकांच्या यादीतून नाव गळते, मुलाच्या वर्तनाविषयी पूर्वी कधी न आलेला शेरा येतो. म्हणून मी त्या आईला तक्रारीआधीच आजवरची प्रगतिपुस्तके, शिक्षकांचे चांगले शेरे आणि मुलगा ज्या उपक्रमांत आहे त्यांची नोंद एका जागी ठेवायला सांगितले. पुढे काही बिघडले, तर आधी काय होते हे दाखवता आले पाहिजे. तक्रारीची तारीख आणि बिघडल्याची तारीख किती जवळ आहेत, हे चौकशी करणारे सर्वांत आधी पाहतात.

व्हिसाचे उत्तर सोपे आहे. तक्रार शिक्षण खात्याकडे जाते आणि ती शाळेविरुद्ध असते. वडिलांच्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध येत नाही. टायटल सिक्सचे संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही असे ठरवले. येथे तर सगळी कागदपत्रे फायलीत लावलेली होती.

तरीही मी तिला थेट केंद्राकडे धाडले नाही. मार्च २०२५ मध्ये या कार्यालयाच्या बारा प्रादेशिक शाखांपैकी सात बंद करण्यात आल्या आणि त्यांत न्यू जर्सीचे काम पाहणारी न्यू यॉर्कची शाखाही होती. उरलेल्यांवर किती ओझे आले असेल हे मला वेगळे सांगायला नको. न्यू जर्सीचा स्वतःचा छळविरोधी कायदा येथे अधिक चपळ आहे. त्याखाली मुख्याध्यापकांना तक्रार कळल्यावर शाळेच्या एका दिवसाच्या आत चौकशी सुरू करावी लागते आणि ती शाळेच्या दहा दिवसांत पुरी करावी लागते. आम्ही दीड पानांची तक्रार लिहिली, विशेषणे काढून टाकली, कालनिर्णयच्या चौकटींचे फोटो तारखांचे भाषांतर करून जोडले आणि एकच मागणी ठेवली: मुलाची कॅफेटेरियातील जागा त्याला परत द्यावी आणि तेथे मोठ्या माणसाची देखरेख असावी. केंद्राकडची तक्रार लिहून तयार ठेवली. राज्याच्या नागरी हक्क विभागाचा मार्गही १८० दिवस खुला होता.

शाळेच्या चौकशीत छळ झाल्याचे मान्य झाले. त्या मुलांना काय शिक्षा झाली हे आईवडिलांना कळले नाही, कारण विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा ते सांगू देत नाही. वडील त्यावर बरेच चिडले आणि मला ते समजते. मुलगा कॅफेटेरियात परत गेला, एक शिक्षक त्या टेबलांजवळ उभे राहू लागले, प्रगतिपुस्तकात काही बदलले नाही. ८ सप्टेंबरपर्यंत नवी घटना घडली नाही आणि तयार तक्रार पाठवायची वेळ आली नाही.

ऑक्टोबरात आईचा फोन आला. डबा आता रोज रिकामा येतो, म्हणाली. फक्त मुलगा त्यात पोळी-भाजी घालू देत नाही, पास्ताच दे म्हणतो. ‘ताई, हे कुठे लिहायचे?’ तिने विचारले. यासाठी माझ्याकडे अर्ज नव्हता. मी तिला तारीख घालून कालनिर्णयवरच लिही म्हटले.