फोन हिसकावू नका, पासपोर्टचं मात्र गंभीरपणे घ्या

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री तीनदा वाचला. घर यावल तालुक्यातलं, मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सहा महिन्यांपासून परदेशातल्या लढाईचे व्हिडिओ बघतोय, चुलतबहिणीच्या लग्नाला आला नाही, आणि दिवाळीत एकदम म्हणाला, पासपोर्ट काढायचाय. त्याचे वडील म्हणतात, फोन काढून घेतो, शिक्षण बंद करतो आणि केळीच्या कामाला लावतो. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही, ताई. मी हे करून बसलोय.

2016 साली माझ्या बहिणीचा मुलगा 19 वर्षांचा होता, जळगावला खोली करून राहायचा. पोरांना अशा लढाईसाठी ओढणाऱ्या एका माणसाशी तो फोनवर बोलतोय, हे कळल्यावर मी ओसरीवर सगळ्यांसमोर त्याचा फोन ओढून घेतला आणि आतले मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. तो एवढंच म्हणाला, "मामा, तुमाले काय समजते?" त्यानंतर दोन महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पलीकडच्या माणसाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, एक दिवस घरचे तुझा फोन घेतील, तेव्हा समज की आपणच खरे आहोत. हे मला फार उशिरा कळलं. त्या माणसाचं काम मी माझ्या हाताने केलं होतं.

ही माणसं सुरुवात बंदुकीपासून करत नाहीत. "जेवलास का?" इथपासून करतात. परगावी एकटं राहणाऱ्या पोराला रोज रात्री कुणीतरी हे विचारतं, ही फार मोठी गोष्ट असते. मग फोटो येतात. ढिगाऱ्याखालच्या लेकरांचे ते फोटो पुष्कळदा खरेच असतात, म्हणून "सगळं खोटं आहे" म्हणून चालत नाही. मग उघड्या ग्रुपवरून आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजवर नेतात. मग मित्र तुटतात, शेवटी घर.

तुम्ही कुठल्या धर्माचे, ते तुम्ही लिहिलं नाही आणि मला विचारायचंही नाही. 2019 च्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत 51 माणसं मारणारा गोरा होता. इंटरनेटवरच्या द्वेषात बुडूनच तो तिथवर गेला होता. इराक-सीरियातल्या इसिस या दहशतवादी संघटनेने ओढलेली पोरं वेगळ्या झेंड्याखाली गेली, पण पडद्यासमोरच्या रात्री तशाच.

लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या तीन शाळकरी मुली 2015 च्या फेब्रुवारीत विमानाने इस्तंबूलला आणि तिथून सीरियात इसिसकडे गेल्या. त्यांची एक मैत्रीण आधीच गेली होती, म्हणून पोलिसांनी पालकांसाठी पत्रं दिली होती. पण दिली मुलींच्याच हातात. त्यांनी ती लपवली आणि घरच्यांना मुली गेल्यावर सापडली. म्हणून कॉलेजमधून काही कळवायचं असेल तर ते थेट तुमच्या कानावर यावं, अशी सोय आजच करून ठेवा. वर्गशिक्षकांना स्वतः भेटा, वसतिगृहाच्या रेक्टरनाही.

भाचा परत बोलायला लागला तो मळ्यात. तेव्हा शेतीची लाईट रात्रीची असायची. बहिणीने त्याला सुट्टीत घरी बोलावलं, आणि मोटार चालू करायला, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला मी त्याच्यासोबत जायला लागलो. अंधारात बांधावर बसलं की समोरासमोर बघावं लागत नाही, हे मला तिथे कळलं. पहिल्या चार रात्री फक्त डास आणि मोटारीचा आवाज. पाचव्या रात्री मी विचारलं, तुला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? तो पहाटेपर्यंत बोलला. अर्ध्या गोष्टी मला पटल्या नाहीत, तरी मी खोडल्या नाहीत.

कल्याणचे चौघे 2014 च्या मेमध्ये इसिससाठी इराकला गेले होते, त्यातला एक नोव्हेंबरात परतला. तिथे संडास साफ करायला लावले, असं त्याने तपासात सांगितल्याचं पेपरात आलं होतं. मी ते कात्रण भाच्याच्या तोंडावर मारलं नाही. बऱ्याच महिन्यांनी त्यानेच विचारलं, "मामा, ते खरं होतं का?"

आता पासपोर्ट. मुलगा सज्ञान आहे, तुमच्या सहीवाचूनही तो काढू शकतो. त्यामुळे कागद लपवून फार तर थोडे दिवस मिळतील. "कुठे जायचंय? कोण बोलावतंय? पैसे कोण देतंय?" हे शांतपणे विचारा. उत्तरात तारीख, तिकीट, अनोळखी माणसाचे पैसे किंवा कुणाला मारण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे जा. भीती वाटते, मला माहीत आहे. पण 2015 च्या डिसेंबरात पुण्यातली 16 वर्षांची मुलगी अशीच अडकत होती, तिला एटीएसने, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, समुपदेशन करून सोडवलं. तो निघून गेल्यावर पोलिसांकडे जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तारीख-तिकिटापर्यंत गोष्ट गेली नसेल तर आधी चांगल्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा.

या शनिवारी त्याच्या वडिलांना एकट्यांना पुण्याला पाठवा. नातेवाइकांची फौज नको. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी द्या. रात्री त्याच्या खोलीवरच मुक्काम करू द्या. पहिल्या दिवशी फोन, व्हिडिओ, पासपोर्ट, यातलं काहीही काढायचं नाही. त्याने चिडून काही ऐकवलं तर ऐकून घ्यायचं. आणि निघताना पुढच्या शनिवारी परत येतो, असं सांगून यायचं, आणि खरंच जायचं.