गाडीत सोलर बसवताय? आधी वही काढा

पॅनल घ्यायला लगेच लॅमिंग्टन रोडला धावू नका. आधी हिशोब मांडा: २५ वॅटचा पंखा ८ तास चालला की २०० वॅट-तास गेले. दोन फोन, एक दिवा धरूनही १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-अवरची (१२.८ × ५० = ६४० वॅट-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन रात्री आरामात काढते.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा. लांब लावला, तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच करत नाही, वायर पेटते.
- चार्ज कंट्रोलरला (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलट.

इन्व्हर्टर लावून इलेक्ट्रिक किटली चालवायचं सध्या विसरा, चहाला गॅसच बरा. आणि पावसाळ्यात माळशेजला जाणार असाल, तर बॅटरी घरूनच भरून न्या!