केंद्र सरकार, संघ सरकार आणि संघराज्य

'केंद्र सरकार' हा शब्दप्रयोग राज्यघटनेला धरून नसल्यामुळे 'संघ सरकार' असेच लिहावे काय, आणि त्याऐवजी 'संघराज्य सरकार' चालेल काय, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. 'संघराज्य' म्हणजे संघरूप राज्य, अर्थात संघ आणि घटक राज्ये मिळून होणारी संपूर्ण व्यवस्था. महाराष्ट्र आणि गोवा तिच्या आतच येतात. कायद्याच्या मराठीत हा शब्द 'युनियन' (संघ) या इंग्रजी शब्दासाठीही येतो, परंतु सर्वसाधारण लेखनात 'संघराज्य विरुद्ध राज्ये' अशी मांडणी केली की संपूर्णाला त्याच्याच अवयवांसमोर उभे केल्यासारखे होते, म्हणून मी ती टाळतो. पदांचा क्रम उलटला की अर्थही बदलतो: 'राज्यसंघ' या समासात 'संघ' हे पद प्रधान असून, १७८१ ते १७८९ या काळात अमेरिकेत होती तशा, स्वतंत्र राज्यांच्या सैल जुळणीला तो शब्द शोभतो.

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. घटनेचा अनुच्छेद १ भारताला 'राज्यांचा संघ' म्हणतो. आपण ज्याला 'केंद्रशासित प्रदेश' म्हणतो त्याचे घटनेतील इंग्रजी नाव 'युनियन टेरिटरी' असे आहे. त्यात 'केंद्र' कुठेच नाही, तरीही १९८७ साली घटक राज्य होईपर्यंत गोव्याची ओळख मराठीत 'केंद्रशासित' हीच होती. मात्र एवढ्यावरून 'केंद्र सरकार' चुकीचे ठरत नाही, कारण १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात या संज्ञेची व्याख्याच दिलेली आहे आणि असंख्य कायदे ती वापरतात.

खरा फरक शब्दाने मनात उभ्या राहणाऱ्या चित्राचा आहे. केंद्र म्हटले की परीघ आलाच, आणि राज्ये त्या परिघावर जाऊन बसतात. संघ म्हटले की सभासद येतात. तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये 'मत्तिय अरसु' (मध्यवर्ती सरकार) सोडून 'ओन्ड्रिय अरसु' (संघ सरकार) हा शब्द स्वीकारला, त्यामागे हीच जाणीव होती, आणि ती मला रास्त वाटते.

परंतु येथे मराठी वाचकाने सावध राहावे. आपल्या परिचयाचा संघ म्हणजे सहकारी दूध संघ: आधी गावोगावच्या संस्था, मग त्यांनी एकत्र येऊन केलेला संघ. भारताचा संघ तसा झालेला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'फेडरेशन'ऐवजी 'युनियन' हा शब्द का निवडला याचे कारण स्पष्ट केले होते: हा संघ राज्यांच्या आपसातील करारातून निर्माण झालेला नाही, आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. म्हणजे ज्या शब्दाचा आधार आज राज्यांच्या हक्कांसाठी घेतला जातो, तो मुळात अभंगतेसाठी योजलेला होता. 'संघ' म्हटल्याने राज्यांचे अधिकार आपोआप वाढत नाहीत. ते घटनेच्या सातव्या अनुसूचीतील सूचींवरून, म्हणजे कोणता विषय संघाचा, कोणता राज्यांचा आणि कोणता दोघांचा हे सांगणाऱ्या याद्यांवरून, आणि करांच्या वाटणीवरूनच ठरतात.

सभासदत्वाचे चित्र अक्षरशः लागू पडते अशी एक जागा मात्र आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या वस्तू व सेवा कर (जीएसटी) परिषदेत संघ सरकारच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन तृतीयांश असते, तर निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. त्यामुळे दोहोंपैकी कोणालाही एकट्याने ठराव संमत करता येत नाही. या परिषदेविषयी लिहिताना 'केंद्राने ठरवले' हे वाक्य तथ्य म्हणूनही चुकते.

रोजच्या बातमीत 'केंद्र सरकार' ठेवण्यास माझी हरकत नाही, कारण नुसता 'संघ' शब्द मराठीत इतक्या संस्थांना लागतो की वाचकाचा घोटाळा होईल. अधिकारांच्या विभागणीची चर्चा असेल तेथे मात्र मी 'संघ आणि राज्ये' असेच लिहितो, आणि आपणही तसे लिहावे अशी माझी विनंती आहे.