पोरं भांडतात छान, मग कागदावर गप्प का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) मराठी शिकवते. बीए सेकंड इयरला दहा पानांचा प्रोजेक्ट असतो. यंदाचे निम्म्याहून जास्त प्रोजेक्ट "आजच्या धावपळीच्या युगात" असे सुरू होतात, मधलं सगळं नेटवरून नाहीतर चॅटजीपीटीवरून उचललेलं, आणि शेवटी "म्हणूनच आपण सर्वांनी" वगैरे. पोरं हुशार आहेत हो, कट्ट्यावर भांडायला लागली की एकेक मुद्दा असा काढतात की ऐकत राहावं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅडम, तुम्ही कट्ट्याचं लिहिलंय ना, सुरुवात तिथूनच करा. भांडताना समोर माणूस असतो, तो लगेच "कशावरून?" म्हणतो आणि मग पोरगं कारण शोधतं. निबंधात असं विचारणारं कुणी नसतंच. पाचवीपासून आपण त्यांना 'वृक्ष आपले मित्र' असले विषय दिले, त्याला नाही म्हणणारा माणूसच जगात नाही, मग पटवायचं कुणाला? उरतं फक्त सजवणं, एक सुविचार टाका, कवितेच्या दोन ओळी टाका की मार्क मिळतात. सात-आठ वर्षं हेच केलेलं पोरगं कॉलेजात येऊन वेगळं काय करणार, मला तरी यात त्यांचा दोष दिसत नाही.

म्हणून विषय देऊच नका, विधान मागा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने 'ग्रामीण भागातील मुलींचे शिक्षण' घेतलं होतं आणि पहिलंच वाक्य होतं "परिस्थिती अत्यंत बिकट आहे". मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, तुझ्या गावचं सांग. तर म्हणाली, प्रॅक्टिकल पावणेसहाला सुटतं आणि आमच्याकडची शेवटची एसटी साडेपाचला जाते, माझ्या दोन मैत्रिणींनी त्यापायीच सायन्स सोडून आर्ट्स घेतलं. म्हटलं हेच लिही! मग तिचं विधान झालं, "आमच्या भागातल्या मुली सायन्स सोडतात ते अभ्यास झेपत नाही म्हणून नाही, बसच्या वेळेमुळे." वर्गात वाचलं आणि लगेच भांडण पेटलं, एक मुलगा म्हणाला पासला सवलत आहे की, दुसरा म्हणाला मग मुलं कशी काय सायन्स सोडतात. ती सगळं लिहून घेत होती. पुढच्या आठवड्यात स्टँडवर जाऊन वेळापत्रक उतरवलं, अकरा मुलींशी बोलली, त्यातल्या तिघींनी वेगळंच कारण सांगितलं तर तेही घातलं. या प्रोजेक्टला नेटवरून उचलायची गरजच पडली नाही, कारण हे नेटवर नव्हतंच.

समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मग खोडायचं, याला आपल्याकडे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, धुराचं उदाहरण तर पोरांना पटकन कळतं. डोंगरावर आग आहे, कशावरून तर धूर दिसतोय, जिथे धूर तिथे आग, जशी आपल्या चुलीत, तसाच धूर डोंगरावर आहे, म्हणून तिथे आग आहे. या पाच पायऱ्यांची नावं क्रमाने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नावं पाठ नाही झाली तरी चालेल, पण "तुझा धूर कुठंय?" असं एकमेकांना विचारायची सवय लागली पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलने पटवण्याचे तीन मार्ग सांगितलेत, बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, ते नंतर कधीतरी शिकवा, घाई नाही.

आणि एक कराच, मुक्ता साळवेचा निबंध वर्गात मोठ्याने वाचा. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली ही चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. म्हणजे हे विद्यार्थिनीचं लिखाण आहे, तुमच्या पोरींपेक्षा लहान मुलीचं. ती काय करते बघा, वेद फक्त आमचेच हे ब्राह्मणांचं म्हणणं आधी घेते, ते तसंच धरते आणि विचारते, मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, तर आमचा धर्म कोणता? त्यांच्याच विधानाने त्यांना अडवते. पुढे बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वारा सोसावा लागतो, हे सांगते आणि वाचणाऱ्याला म्हणते स्वतःच्या अनुभवावरून विचार करा. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल द्या आणि कुठे कारण देतीये, कुठे दाखवतीये, कुठे प्रश्न विचारतीये, तिथे खुणा करायला लावा. माझा तर या एका निबंधावर दर वर्षी आठवडा जातो आणि तो मला कधीच जास्त वाटला नाही.

प्रश्न : ताई, मी एमए करतेय. डेझर्टेशनमध्ये 'मी' लिहिलं की गाइड 'प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले' करायला लावतात. आणि उचललेला मजकूर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्याची टक्केवारी जास्त येते म्हणून शब्द बदलत बसलेय, बरोबर आहे का?

उत्तर : नाही गं, शब्द बदलत बसू नकोस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यामुळे सगळे त्या आकड्याच्या मागे लागतात, पण 'महत्त्वाचे'चं 'मोलाचे' केलं म्हणून विचार तुझा होत नाही. उतारा वाच, पुस्तक मिट, मैत्रिणीला फोन करून त्यात काय आहे ते सांग, सांगितलंस तसंच लिही आणि मग पुस्तक उघडून पडताळून लेखकाचं नाव आणि पान नंबर टाक. सांगता आलं नाही तर अजून समजलेलं नाहीये, परत वाच. लेखकाचे शब्दच हवे असतील तर सरळ अवतरणात घाल, त्यात कमीपणा काही नाही.

'मी'बद्दल आधी विभागाची नियमावली बघ, त्यात मनाई असेल तर वाद घालू नकोस, नसेल तर जिथे तू स्वतः माणसांना भेटलीस ते एक प्रकरण 'मी'त लिहून गाइडना दाखव आणि त्यांचं काय म्हणणं येतं ते मला कळव.